तोल : एक की अनेक?

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याचे माझे एक शिक्षक-मित्र अमरावतीला घरी आले होते. सोबत त्यांचा नववीतला पुतण्या होता. एरवी बडबड्या असलेला हा मुलगा त्या दिवशी पाण्याचा पेला हातात धरून गप्प बसला होता. कारण काकांनीच सांगितले. शाळेच्या खो-खो संघाची निवड नुकतीच झाली होती. पळण्यात हा पहिल्या तिघांत होता. परंतु शेवटी ‘तोल’ पाहण्याची एक चाचणी होती. हात कमरेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि एका पायावर तीस सेकंद उभे राहायचे. याचा दुसरा पाय अकराव्या सेकंदाला जमिनीला लागला. यादीतून नाव गेले.

गंमत अशी की हा मुलगा चार वर्षे नेमाने मल्लखांब करतो. शेवटी त्याला राहवले नाही.

“सर, मी बाटल्यांवरच्या मल्लखांबावर चढतो, अन् हे म्हणतेत तुहा तोल कच्चा हाय. काहून?”

त्या ‘काहून’चे उत्तर द्यायला बसलो आणि दोन तास कसे गेले कळले नाही. प्रश्न एका मुलाचा नव्हता. तोल ही बुद्धीसारखी किंवा उंचीसारखी माणसाजवळ असलेली एकच गोष्ट आहे, आणि ती कोठल्याही एका फूटपट्टीने मोजता येते, असे आपण गृहीत धरतो. ते गृहीत कितपत खरे आहे? त्या दिवशी बोललो ते येथे थोडे नीट मांडतो.

उभे राहणे सोपे नाही

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात तोलाचा नियम एका ओळीत येतो. वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खाली काढलेला लंब तिच्या आधारक्षेत्रात पडला, तर वस्तू उभी राहते. बाहेर पडला, तर कलंडते. माणसाचा गुरुत्वमध्य सरळ उभे असताना साधारण बेंबीच्या किंचित खाली असतो. आधारक्षेत्र म्हणजे दोन्ही पावले आणि त्यांच्यामधली जागा.

हा नियम स्वतःच्या अंगावर पडताळून पाहा. भिंतीला टाचा आणि पाठ टेकून उभे राहा आणि गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरण्याचा प्रयत्न करा. जमणार नाही. एरवी आपण वाकतो तेव्हा कंबर मागे जाते आणि गुरुत्वमध्य पावलांवर राहतो. येथे भिंत कमरेला मागे जाऊ देत नाही. आता भिंतीला उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड लावून उभे राहा व डावा पाय उचला. तोही उचलला जात नाही, कारण शरीराला उजवीकडे सरकायला जागाच नाही. वर्गात हे दोन प्रयोग केले की पुढचा तास आपोआप रंगतो, असा माझा अनुभव आहे.

पण नियमाची ती एक ओळ टेबलाला जशी पुरते, तशी माणसाला पुरत नाही. टेबलाला चार पाय असतात, त्याचा गुरुत्वमध्य खाली असतो आणि ते आपोआप उभे राहते. माणूस मात्र तळहातावर उभ्या धरलेल्या काठीसारखा आहे. काठी क्षणभर सोडली की कलते, आणि जितकी कलते तितकी अधिक वेगाने कलत जाते. तिला उभी ठेवायची तर हात सतत इकडेतिकडे करावा लागतो.

हातावर पेन्सिल उभी ठेवून पाहा, आणि नंतर झाडूची लांब काठी. काठी जमते, पेन्सिल जमत नाही. का? गणित केले तर अठरा सेंटिमीटरच्या पेन्सिलीचा कल दुप्पट व्हायला सुमारे ०.०८ सेकंद लागतो, १.२ मीटरच्या काठीला ०.२० सेकंद, आणि १.६ मीटर उंचीचा माणूस ताठ काठीसारखा घोट्यातून कलत आहे असे मानले, तर ०.२३ सेकंद. (लांबी चौपट झाली की हा काळ दुप्पट होतो; म्हणजे तो लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो.)

आता तुमच्या हाताला किती वेळ लागतो ते मोजा. मित्राला फूटपट्टी उभी धरायला सांगा. तिच्या खालच्या टोकाजवळ, शून्याच्या खुणेपाशी, तुमची दोन बोटे उघडी ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडावी, तुम्ही ती पकडावी. बहुतेकांच्या बोटांतून वीसएक सेंटिमीटर पट्टी निसटते. मुक्त पतनाच्या सूत्राप्रमाणे वीस सेंटिमीटर पडायला लागतात सुमारे ०.२ सेकंद. डोळ्यांनी पाहून हाताने करण्याचा आपला वेग एवढाच आहे. तेवढ्यात पेन्सिलीचा कल सहापट होऊन गेलेला असतो, काठीचा जेमतेम दुप्पट. म्हणून काठी सावरता येते.

माणसाच्या बाबतीत मात्र गडी आणखी चपळ आहे. घोट्याच्या स्नायूंना ताण जाणवल्यापासून त्यांनी सावरण्यासाठी आकुंचन पावेपर्यंतचा काळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. डोळ्यांची वाट पाहावी लागत नाही. तुम्ही प्रार्थनेला ‘स्तब्ध’ उभे असता तेव्हा खरे म्हणजे स्तब्ध नसताच. शरीर अगदी थोडे पुढे-मागे झुलत असते आणि पोटऱ्या त्याला मागे खेचत असतात. प्रार्थना लांबली की पोटऱ्या का दुखतात, हे आता लक्षात आले असेल.

तीन खबरे

शरीर कोणत्या बाजूला कलत आहे ही खबर मेंदूला तीन ठिकाणांहून मिळते : डोळे, कान, आणि पाय.

कान ऐकण्यासाठी असतो हे अर्धेच खरे. कानाच्या आतल्या भागात, अंतर्कर्णात, तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्या जवळजवळ परस्परांशी काटकोनात असतात. जणू भूमितीतले क्ष, य आणि झ हे तीन अक्ष. नलिकांत द्रव असतो. डोके वळले की जडत्वामुळे द्रव मागे राहतो आणि तेथील सूक्ष्म केस वाकतात. फुगडी खेळून एकदम थांबल्यावर घर फिरत असल्यासारखे वाटते, ते याच द्रवामुळे. तुम्ही थांबता, पण तो लगेच थांबत नाही. नलिकांशेजारच्या दोन पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात; त्यांच्या वजनामुळे डोके कोठे कलले आहे ते समजते.

तिसरा खबऱ्या म्हणजे तळव्यांची त्वचा आणि पायांचे स्नायू व सांधे यांतील ज्ञानतंतू. तो इतका मुकाट्याने काम करतो की तो संपावर जाईपर्यंत त्याची आठवण होत नाही. एकोणिसाव्या शतकात बर्लिनचे डॉक्टर मोरित्स रोम्बर्ग यांनी मज्जारज्जूच्या एका विकाराचे रुग्ण पाहिले. हे लोक डोळे उघडे असेपर्यंत उभे राहत, डोळे मिटले की डोलू लागत. तोंडावर पाणी मारण्यासाठी डोळे मिटले तरी तोल जाई. पायांची खबर मेंदूपर्यंत पोहोचत नव्हती आणि सारा भार डोळ्यांवर होता. पाय जुळवून, डोळे मिटून उभे करण्याची रोम्बर्ग यांची ही चाचणी डॉक्टर आजही घेतात.

घरच्या घरी या तिन्ही खबऱ्यांची ओळख करून घेता येते. प्रथम फरशीवर एका पायावर डोळे उघडे ठेवून उभे राहा, मग डोळे मिटून. नंतर कापसाच्या गादीवर डोळे उघडे ठेवून, आणि शेवटी गादीवर डोळे मिटून. (कापसाची गादी वऱ्हाडात शोधावी लागू नये!) गादी पायांची खबर धूसर करते, पापण्या डोळ्यांची खबर बंद करतात, शेवटच्या खेपेस कान जवळजवळ एकटा उरतो. हा प्रयोग भिंतीच्या कोपऱ्यात करा आणि जोडीदाराला शेजारी उभे करा. आजी-आजोबांना यात उतरवू नका.

या तीन खबरा लहान मेंदूत आणि इतर केंद्रांत एकत्र येतात, आणि कोणत्या खबऱ्यावर किती विश्वास ठेवायचा हे प्रसंग पाहून ठरते. आमच्या मल्लखांबवाल्या मुलाचे कोडे उलगडायला येथूनच सुरुवात होते. डोळे मिटून उभे राहण्याच्या चाचणीने एक खबऱ्या मुद्दाम बाजूला केला होता. खो-खो डोळे मिटून कोण खेळतो?

तीन खांब, तीन कोडी

अमरावतीत राहून तोलाविषयी लिहायचे आणि मल्लखांब टाळायचा हे शक्य नाही. येथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली अंबादासपंत व अनंत वैद्य या बंधूंनी स्थापन केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तेथे मल्लखांब, कबड्डी अशा भारतीय प्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथापर्यंत मागे नेला जातो. अलीकडच्या काळात ही विद्या पुन्हा उभी केली ती दुसऱ्या बाजीरावाच्या वेळचे बाळंभटदादा देवधर यांनी. नावातच तिचा हेतू आहे. मल्ल म्हणजे पहिलवान; त्याने जोडीदार नसताना खांबाला प्रतिस्पर्धी मानून पकडींचा सराव करावा. म्हणजे मल्लखांब हा मुळात दुसऱ्या एका खेळाची, कुस्तीची, तयारी होता. एका प्रकारच्या सरावाचा उपयोग दुसऱ्या प्रकारात किती होतो, हा आपला प्रश्न तितकाच जुना आहे.

मल्लखांबाचे तीन प्रकार पदार्थविज्ञानाच्या नजरेने पाहा. पुरलेला मल्लखांब जमिनीत घट्ट असतो. तो हलत नाही. येथे खरे कोडे घर्षणाचे आहे. खांबाला एरंडेल चोळलेले असते, म्हणजे कातडी सोलत नाही. पण त्यामुळे घर्षण कमी होते आणि टिकून राहायचे तर मांड्यांनी खांब जोराने दाबावा लागतो. घर्षण हे दाबाच्या प्रमाणात असते, हा नियम मल्लखांबपटूच्या मांड्यांना आपल्याआधी पाठ होतो.

टांगता मल्लखांब वर कडीला अडकवलेला असतो. येथे खांब आणि माणूस यांचा गुरुत्वमध्य आधाराच्या खाली असतो, म्हणून कलंडण्याची भीती नाही; लंबकाप्रमाणे तो मूळ जागी परत येतो. पण खांब झुलतो आणि गरगर फिरतो. परीक्षा होते ती कानातल्या नलिकांची.

तिसरा प्रकार निराधार. खाली काचेच्या बाटल्या, त्यांवर फळी, आणि फळीवर खांब नुसता ठेवलेला. येथे खांब आणि खेळाडू मिळून एकच वस्तू होते आणि तिच्या गुरुत्वमध्याचा लंब खांबाच्या बुडाच्या आतच पडला पाहिजे. खेळाडूने एक हात उजवीकडे लांबवला तर शरीराचा दुसरा कोणता तरी भाग तितक्याच परिबलाने डावीकडे गेला पाहिजे. घाई चालत नाही, कारण प्रत्येक झटक्याची प्रतिक्रिया खांबाला मिळते. हे काम कंबर, खांदे आणि हात यांचे आहे. घोट्याचे येथे फारसे काही चालत नाही.

आणि आमच्या मुलाला चाचणीत काय करायचे होते? हात कमरेवर बांधलेले, डोळे बंद, आणि सारा भार एका घोट्याच्या लहान लहान स्नायूंवर. चार वर्षे त्याने जे कमावले त्यातले जवळजवळ काहीच वापरायची परवानगी नव्हती.

सरावाने काय वाढते?

“पण सर, तोलाचा सराव शेवटी तोलाचाच ना? कुठं तरी उपयोगी पडंलच!” हा काकांचा आक्षेप. मलाही पूर्वी तसेच वाटे.

जर्मनीतील कोन्स्टांझ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली हा आक्षेप तपासला. चाळीस निरोगी तरुण माणसे घेतली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाने एका डळमळत्या साधनावर, दुसऱ्याने वेगळ्या साधनावर दोन आठवड्यांत सहा वेळा सराव केला. तिसऱ्याने काहीच केले नाही. आधी आणि नंतर सर्वांची परीक्षा घेतली. पहिल्या गटाची प्रगती त्याच्या स्वतःच्या साधनावर २२५ टक्के झाली. त्याच साधनावर दुसऱ्या गटाची प्रगती ४१ टक्के होती आणि काहीच न करणाऱ्यांची ३० टक्के. ज्या कामांचा कोणीच सराव केला नव्हता, त्यांत तिन्ही गटांत लक्षात घेण्यासारखा फरक पडला नाही.

या आकड्यांतला मला सर्वांत बोलका वाटतो तो शेवटचा. काहीही न करता ३० टक्के प्रगती! ती आली कोठून? परीक्षा दोनदा दिल्यामुळे. पहिल्या खेपेला माणूस गोंधळतो, दुसऱ्या खेपेला त्याला युक्ती ठाऊक असते. एखाद्या शिबिरात पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी तीच चाचणी घेऊन “पाहा, मुलांचा तोल सुधारला” असे सांगितले जाते, तेव्हा सराव न करणारा एखादा गट सोबत होता का, हे विचारायला विसरू नका. सराव-गटाशेजारी असा तुलनेचा गट नसेल तर प्रगती कशाची, हे कळायला मार्ग नाही.

२०१८ साली अनेक अभ्यास एकत्र करून असेही पाहिले गेले की स्थिर उभे राहण्यातला तोल आणि हालचाल करतानाचा तोल यांचा परस्परसंबंध निरोगी माणसांत थोडाच असतो. एकात जो वरचढ, तो दुसऱ्यात असेलच असे नाही.

वऱ्हाडातल्या माणसाला हे पटायला अवघड जाऊ नये. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याला राजराजेश्वराची कावडयात्रा असते. गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून कावडधारी रात्रीतून सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालत येतात. साधी दोन भरण्यांची कावड घ्या. भरणी खांद्याच्या खाली लोंबतात, म्हणून कावड स्वतः उलटत नाही. वजन दोन दूरच्या टोकांना असल्यामुळे ती पटकन वळतही नाही. डोंबाऱ्याच्या खेळातली लांब काठी दोरीवर चालणाऱ्याला याच कारणाने सावरते. बांबू लवतो, त्यामुळे प्रत्येक पावलाचा धक्का खांद्यावर एकदम येत नाही. पण त्या लवण्याला स्वतःचा ठेका असतो आणि पावले त्या ठेक्यात टाकावी लागतात. हे ज्याला येते तो डोक्यावर चुंबळ ठेवून दोन घागरी आणू शकेल का? सवय नसेल तर पहिल्याच दिवशी भिजेल. घागरी डोक्यावर, म्हणजे आधाराच्या वर. कावडीचे पाणी आधाराच्या खाली. दोन्हीला आपण ‘तोल’ म्हणतो, गणिते वेगळी आहेत.

मग चाचण्या निरुपयोगी का?

मुळीच नाही. चाचणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, हे ठाऊक हवे एवढेच.

प्रयोगशाळेत बलमापक फळी असते. चार कोपऱ्यांखाली चार वजनकाटे बसवलेली फळी, असे तिचे चित्र मनात आणा. चारही काट्यांवरील आकड्यांवरून पावलांखालचा दाब नेमका कोठे केंद्रित झाला आहे ते क्षणोक्षणी काढता येते. स्वस्त चाचण्यांपैकी एक म्हणजे एका पायावरचा वेळ मोजणे. डोळे उघडे ठेवून तीस सेकंद ही कसोटी निरोगी तरुणांना इतकी सोपी आहे की बहुतेक सगळे उत्तीर्ण होतात. डोळे मिटले की तीच इतकी अवघड होते की पंधरा सेकंदही पुष्कळांना जड जातात. अकरा सेकंद म्हणजे नामुष्की नव्हे. शिवाय एकाच मुलाची वेळ एका प्रयत्नात अकरा आणि पुढच्यात पंचवीस येऊ शकते. एकाच प्रयत्नावर निवड करणे म्हणजे एकदाच नाणे उडवून ते खोटे आहे असा निष्कर्ष काढण्यासारखे झाले.

वयस्क माणसांत मात्र हीच साधी चाचणी बरेच सांगते. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वर्षे वयाच्या १,७०२ लोकांना एका पायावर, डोळे उघडे ठेवून, फक्त दहा सेकंद उभे राहायला सांगितले. पाचांपैकी सुमारे एकाला ते जमले नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पुढील सातएक वर्षांत या लोकांमधील मृत्यूचा धोका, वय व इतर आजार हिशेबात घेऊनही, ८४ टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणून कोणी एका पायावर उभे राहण्याने आयुष्य वाढते असे समजू नये. काचनळीतला पारा चढल्याने ताप येत नाही. ताप आल्याने पारा चढतो.

खेळाडूंसाठी मला आवडलेली चाचणी चांदणीची. जमिनीवर खडूने आठ दिशांच्या रेघा काढायच्या, मध्ये एका पायावर उभे राहायचे आणि दुसऱ्या पायाचा अंगठा प्रत्येक रेघेवर जितका दूर नेता येईल तितका नेऊन हलकेच टेकवून परत यायचे. हल्ली आठांऐवजी तीनच दिशा घेतात : पुढे, आणि मागे दोन तिरप्या, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या. अंतराला पायाच्या लांबीने भागायचे, नाही तर उंच मुले फुकट जिंकतात. आधी चार-सहा वेळा सरावाला संधी द्यायची, म्हणजे मघाचा तो तीस टक्क्यांचा घोळ टळतो. खर्च : एक खडू आणि शिंप्याची टेप. अमेरिकेत हायस्कूलच्या २३५ बास्केटबॉलपटूंवर २००६ साली केलेल्या अभ्यासात, पुढच्या रेघेवर डाव्या-उजव्या पायांत चार सेंटिमीटर किंवा अधिक फरक असणाऱ्यांना त्या मोसमात पायाची दुखापत होण्याचा संभव सुमारे अडीचपट दिसला. इतर खेळांत नंतर केलेल्या अभ्यासांतून दर वेळी हे आढळले नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीसुद्धा एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करण्याऐवजी त्याच्याच दोन पायांची तुलना करणे ही कल्पना चांगली आहे.

घोटा मुरगळला की नुसती सूज येते असे नाही. तेथील अस्थिबंधांतल्या ज्ञानतंतूंनाही इजा होते आणि तिसरा खबऱ्या दुबळा होतो, अशी कल्पना इंग्लंडमध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली मांडली व डळमळत्या फळीवर उभे राहण्याचा व्यायाम सुचवला. नेदरलँड्समध्ये २००१-०२ च्या हंगामात व्हॉलीबॉल संघांवर याचा प्रयोग झाला. घोटे मुरगळणे कमी झाले. पण फायदा स्पष्ट दिसला तो ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला होता त्यांच्यातच. ज्याचा खबऱ्या शाबूत आहे त्याला शिकवणीची गरज कमी, असा याचा अर्थ लावता येईल.

वृद्धांची गोष्ट वेगळी, आणि आशादायक. १०८ प्रयोगांचा २०१९ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा व्यायामामुळे साठीच्या पुढच्या, घरी राहणाऱ्या माणसांचे पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. सराव ज्याचा केला त्यातच सुधारणा होते, तर हे कसे घडले? या व्यायामांत खुर्चीतून हात न लावता उठणे, दिशा बदलून चालणे, पायरी चढणे-उतरणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घेणे, अशा गोष्टी असतात. माणूस घरात जे करताना पडतो, त्याचाच तो सराव असतो. आजीला डळमळत्या फळीवर चढवण्याची गरज नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याला एक हात लावून तिने आळीपाळीने टाचा उचलल्या, तरी आरंभ झाला.

आता त्या मुलाकडे वळतो. खो-खोत पळताना एकदम थांबावे लागते, खांबाला वळसा घालावा लागतो, बसलेल्या स्थितीतून झटकन उठावे लागते. निवडच करायची तर याच गोष्टी करायला लावून वेळ मोजावा, प्रत्येकाला तीन प्रयत्न द्यावेत आणि मधला धरावा, असे मी एका कागदावर लिहून काकांना दिले. तो कागद शाळेत पोहोचला. पुढच्या वर्षी पाहू, असे उत्तर मिळाले.

निघण्यापूर्वी गच्चीवर खडूने ‘वाय’ काढून मुलाची चाचणी घेतली. उजव्या पायावर उभा असताना तो पुढे जितका पोहोचला, त्याहून डाव्या पायावर सहा सेंटिमीटर कमी. तीनदा मोजले, तेवढेच. डावा घोटा कधी मुरगळला होता का, असे विचारताच त्याला आठवले : मागच्या दिवाळीत खांबावरून उडी मारताना. आठ दिवस लंगडला आणि मग विसरून गेला. मल्लखांबावर तो घोटा उघडा पडला नव्हता. कारण तेथे त्याला विचारतोच कोण? पण खो-खोत त्याच घोट्यावर भार टाकून वळायचे होते. डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने रोज दहा मिनिटे एका पायावरचे व्यायाम करायचे ठरले.

कोजागिरीला तो पुन्हा आला. मोजले, तर फरक दोन सेंटिमीटरवर आलेला. मी त्याची पाठ थोपटली. दूध पिऊन झाल्यावर त्याने हळूच कबूल केले की व्यायाम कंटाळवाणे म्हणून तो बहुतेक दिवस अंगणात ‘वाय’ काढून हीच चाचणी पुन्हा पुन्हा करीत होता. आता चार सेंटिमीटरच्या त्या प्रगतीत घोटा किती आणि चाचणीचा सराव किती, यावर आम्हा तिघांचा वाद चालू आहे. पुढच्या वेळी त्याने कधीच न केलेली चाचणी घ्यायची, एवढे ठरले आहे. कोणती, ते त्याला सांगितलेले नाही.